जनरल राणोजीची नाडी

हेरंब मुणगेकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते २०४३ च्या जानेवारीत, कोल्हापूरच्या आमच्या प्रयोगशाळेत. एकोणसत्तर वर्षांचा उंच, काळासावळा माणूस. दशावतारात चाळीस वर्षं राक्षसांची कामं केलेली, त्यामुळे आवाज असा की कुजबुजले तरी शेजारच्या खोलीत ऐकू जावं. आल्या आल्या त्यांनी सदरा काढून खुंटीला अडकवला, टेबलावरची आमच्या यंत्राची बंडी उचलून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, हिच्यात घाम आला तर शॉक बसतो का? मी नाही म्हटलं. "मग घाला," म्हणाले आणि हात वर करून उभे राहिले.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. नाव रेवा खराडे, शिक्षण वैद्यकीय अभियांत्रिकीचं. आमच्या यंत्राचा चित्रपटासाठी वापर पहिल्यांदाच होणार होता आणि तो होणार होता एका अशा माणसासाठी, ज्याचं नाव काढलं तरी कित्येक घरांत आजही जेवण थांबत असे.

जनरल हरी राणोजी. हिंदी महासागरातल्या मोरान बेटावर बारा वर्षं सत्ता गाजवलेला हुकूमशहा. त्याचे पूर्वज उसाच्या मळ्यांत मजुरी करायला कोकणातून बोटीने गेलेले. हरी पोलिसात शिरला, वर चढला आणि एके दिवशी सगळं बेट त्याच्या मुठीत आलं. १९८४ साली तिथल्या मिठागरांतल्या कामगारांनी संप केला. संपवाले आणि त्यांना मदत करणारे मिळून दोनशे बारा जणांची यादी राणोजीच्या टेबलावर गेली. त्याने सही केली. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांना मिठागरातच गोळ्या घातल्या. पुढे सत्ता गेली, राणोजी परदेशात पळाला आणि पाच वर्षांनी बिछान्यात झोपेत मेला. त्याला कधी कुणी प्रश्न विचारू शकलं नाही.

दिग्दर्शिका उत्तरा गव्हाणकर यांना त्याच्यावर चित्रपट करायचा होता आणि तो माणूस म्हणून दाखवायचा होता. आजवर झालेल्या दोन चित्रपटांत तो डोळे वटारणारा, मोठमोठ्याने हसणारा सैतान होता. उत्तराताईंचं म्हणणं असं की तशा माणसाला कुणी सत्ता दिलीच नसती. राणोजीचं काम हेरंबकाका करणार होते.

आमचं यंत्र काय करत होतं ते इथे सांगून टाकते. हृदयाचा प्रत्येक ठोका चेहऱ्यात थोडं रक्त ढकलतो. तेवढ्यापुरता कातडीचा रंग किंचित बदलतो. समोर बसलेल्या माणसाला तो बदल दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. व्हिडिओवरून नाडी मोजण्याचे प्रयोग माझ्या जन्माआधीपासून चालू होते. आम्ही ते जुन्या फिल्मवर करून दाखवलं. जुन्या फिल्मवर रंगाचे कण सतत वळवळत असतात, त्यामुळे एकेका ठिपक्यावर विश्वास ठेवता येत नाही. पण कपाळ आणि गाल मिळून हजारो ठिपके असतात. त्या सगळ्यांची सरासरी काढली की वळवळ एकमेकींत जिरून जाते आणि ठोका तेवढा वर येतो. सावळ्या कातडीवर तो शोधणं जास्त अवघड, कारण सुरुवातीच्या पद्धती गोऱ्या चेहऱ्यांवर बेतलेल्या होत्या. आमची तीन वर्षं त्यातच गेली. मग खांद्यांच्या हालचालीवरून श्वास, आवाजातल्या कंपावरून गळ्याचा ताण, मनगटाच्या शिरांवरून हाताची पकड असं एकेक जोडत गेलो.

हे सगळं नटाच्या अंगात उतरवायचं काम बंडीचं. आतल्या पट्ट्या छाती हलकेच आवळत आणि सोडत, की श्वास त्या लयीत येई. मानेजवळच्या दोन चकत्या एका मज्जातंतूला सौम्य विजेचा स्पर्श करत, की ठोके हळूहळू हवे तिथे येत. उजव्या हाताला बोटांपर्यंत बाही होती, ती स्नायू ताणत आणि सैल करत असे. आपल्याला वाटतं की मनात भीती येते आणि मग छाती धडधडते. पुष्कळदा उलट होतं. छाती धडधडते आहे हे मेंदूला कळतं आणि मग तो त्याला भीती म्हणतो. त्यामुळे बंडी घातलेल्या माणसाला, मरून गेलेल्या एका माणसाच्या शरीरात काय चाललं होतं, ते आतून कळायचं. फक्त एक मर्यादा होती. धडधड कशाची आहे हे यंत्र सांगत नव्हतं. निकालाच्या दिवशीही छाती धडधडते आणि आवडतं माणूस दारात दिसलं तरीही.

पहिले दोन आठवडे हेरंबकाकांनी राणोजीची भाषणं अंगावर घेतली. ते सोपं गेलं. भाषणातला राणोजी म्हणजे शेवटी नटच होता आणि नटाची धडधड त्यांना चांगली ठाऊक होती. तिसऱ्या आठवड्यात आम्ही घरातली एक फिल्म लावली. राणोजी ओट्यावर बसून आपल्या पाच वर्षांच्या मुलीला भात भरवतो आहे. ती तोंड फिरवते, तो वाट पाहतो, पुन्हा घास पुढे करतो. कॅमेरा आहे हे तो विसरलेला आहे. ठोके ब्याऐंशीवरून उतरत बासष्टवर आले, श्वास लांब झाला.

फिल्म संपल्यावर काका बंडी न काढता खुर्चीत बसून राहिले. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "ह्याचं प्रेम खोटं नव्हतं, रेवा." मग पाणी प्यायले आणि म्हणाले की आता घरी जाऊन हे कसं सांगायचं ते त्यांना कळत नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की त्यांच्या पत्नी, अनसूयाकाकू, मोरानच्या होत्या. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांचा थोरला भाऊ एकनाथ त्या यादीत होता. तेवीस वर्षांचा शिक्षक. संपावरच्या कामगारांचे अर्ज त्याने लिहून दिले होते, एवढाच त्याचा गुन्हा. त्यानंतर आईने मुलीला घेऊन बेट सोडलं आणि सावंतवाडी गाठली. पुढे अनसूयाकाकू तिथल्या सरकारी रुग्णालयात तीस वर्षं परिचारिका होत्या.

मी विचारलं, मग तुम्ही हे काम घेतलंत कसं? काका म्हणाले की त्यांनी आधी तिलाच विचारलं होतं. तिने एक दिवस मागून घेतला होता आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं, की दुसऱ्या कुणी करण्यापेक्षा तुम्ही करा, तुम्ही खोटं करणार नाही.

त्या शनिवारी ते घरी गेले आणि त्यांनी सांगितलं. मुलीला भात भरवताना त्या माणसाला किती बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं आपल्या अंगातून गेलं, हे काहीही न वगळता सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. त्यानंतर अकरा दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. चहा वेळेवर मिळत होता, ताट झाकून ठेवलेलं असायचं, धुतलेले कपडे घडी करून बॅगेत भरले जायचे. पण ते घरात आले की त्या परसात जायच्या. काकांनी विनवण्या केल्या नाहीत. मला म्हणाले, तिला जेवढे दिवस लागतील तेवढे लागू देत, मी खोटं सांगितलं असतं तर ती एका तासात बोलली असती.

बाराव्या दिवशी काकूंनी एकच प्रश्न विचारला. दोघं घरात मालवणीत बोलत, मी माझ्या भाषेत सांगते.

"सही करताना त्याला कसं वाटत होतं, तेही त्या बंडीतून कळेल का?"

कळणार होतं. कारण सही करतानाची फिल्म होती. सरकारच्या प्रचारखात्याने 'जनरलसाहेबांचा एक दिवस' असं काहीसं चित्रित केलं होतं, त्यात तो अकरा मिनिटं टेबलाशी बसून कागदांवर सह्या करतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवरून आणि कागदाच्या कडेच्या शिक्क्यावरून इतिहासकारांनी केव्हाच सिद्ध केलं होतं की त्यातला सातवा कागद म्हणजे ती यादी. त्या अकरा मिनिटांवर आम्ही दोन महिने घालवले.

निघालं ते असं. सहा कागदांपर्यंत नाडी चौऱ्याहत्तर. सातवा कागद समोर येतो, राणोजी तो वाचतो, पेन कागदाला टेकवतो आणि थांबतो. चार सेकंद. नाडी अठ्ठ्याण्णव. श्वास अडकलेला. अंगठ्याची पकड सुटते, पेनाचं टोक कागदापासून दोन मिलिमीटर वर उचललं जातं. पाचव्या सेकंदाला पकड घट्ट होते आणि सही होते. मिनिटभरात नाडी पुन्हा चौऱ्याहत्तर. आठव्या कागदावर तो कुणाला तरी विचारतो, मासे आले का?

हा आलेख पाहून निर्माते बलसेकर खुर्चीतून उठलेच. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. मोरानहून आलेल्या कुटुंबांची इकडे एक संघटना होती. तिचे अध्यक्ष जनार्दन पांडू यांनी चित्रपटाला विरोध करणारं पत्र पाठवलं होतं. राणोजीला मुलीला भरवताना दाखवणार असाल तर आमच्या मेलेल्यांना काय म्हणून दाखवणार, असा त्यांचा सवाल होता. बलसेकरांकडे आता उत्तर होतं. सही करताना राणोजीला पश्चात्ताप झाला. पडद्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी येईल, प्रेक्षकांचं मन हलकं होईल, कुटुंबांचाही राग निवळेल. उत्तराताईही त्या बाजूला झुकल्या. पटकथेत तशी दुरुस्ती झाली, आणि माझ्याकडून एक शास्त्रीय अहवाल मागवला गेला.

मी तो लिहिला. हे कबूल करायला मला आजही जड जातं. 'सदर आलेख तीव्र पश्चात्तापाशी सुसंगत आहे' असं वाक्य मी लिहिलं. सुसंगत हा शब्द घातला म्हणजे आपण खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला समजावलं. आमच्या प्रयोगशाळेला बलसेकरांचे आणखी दोन चित्रपट मिळणार होते.

अहवाल काकांच्या हातात गेला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि माझ्याकडे आले. रागावले नाहीत. शाळेतल्या मुलाने बाईंना शंका विचारावी तसं त्यांनी विचारलं, "यंत्राला पश्चात्ताप ओळखता येतो?"

मी म्हटलं, नाही. छाती धडधडली एवढंच येतं.

"मग हे कुणी ओळखलं?"

त्यांनी अहवाल माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले की चार सेकंद त्यांनी वीस वेळा अंगावर घेतले आहेत. त्यात त्यांना भीती सापडते, लाज सापडते, जेवायला उशीर होतो आहे याचा वैतागही सापडतो. पश्चात्ताप सापडला असता तर त्यांना आनंदच झाला असता, कारण तो मुलीला भरवणारा माणूस त्यांना आवडायला लागला होता. "पण आवडतो म्हणून त्याच्या पदरात नसलेलं पुण्य कसं टाकू?" असं म्हणून ते गेले.

त्यांनी डोळ्यांत पाणी आणायला नकार दिला. बलसेकरांनी फार वाद घातला नाही, कारण त्यांना गरजच नव्हती. करारात नटाच्या रूपात संगणकावर बदल करण्याची मुभा होती. काका कोरड्या डोळ्यांनी सही करतील आणि अश्रू नंतर घातला जाईल, इतका खरा की खुद्द काकांनाही आपण रडलो होतो असं वाटावं. एका दुपारचं काम होतं ते.

काकांनी हे घरी सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अनसूयाकाकू कोल्हापुरात आल्या. ठेंगण्या, पांढरे केस घट्ट बांधलेल्या, हातात औषधांची छोटी पिशवी. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी इकडचं तिकडचं काही न बोलता सांगितलं की त्यांना बंडी घालायची आहे. मी घाबरले. अडुसष्टचं वय, आणि त्यात तो माणूस. त्यांनी पिशवीतून आपला हृदयाचा ताजा अहवाल काढून समोर ठेवला. येताना डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या.

मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला विचारू नकोस. हा तिचा प्रश्न आहे, माझ्या आधीपासूनचा."

उत्तराताईही खोलीत होत्या. मी बंडीचे बंद आवळले, बाही चढवली आणि सातव्या कागदापासूनची दीड मिनिटं लावली. काकू पडद्याकडे पाहत होत्या. त्यांच्या मानेतली शीर मला दिसत होती. चार सेकंद आले आणि त्यांचा श्वास अडकला. उजव्या हाताचा अंगठा हळूच सुटला. मग घट्ट झाला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी थांबवू का विचारलं तर मानेनेच नको म्हणाल्या. फिल्म संपली. पुन्हा लावा म्हणाल्या. मी लावली. तिसऱ्यांदाही लावायला सांगितली, आणि त्या वेळी त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं स्वतःच्या उजव्या मनगटावर ठेवली होती, वॉर्डात ठेवत असतील तशी.

बंडी उतरवल्यावर त्या बराच वेळ आपला अंगठा चोळत राहिल्या. मग उत्तराताईंकडे वळल्या.

"तीस वर्षं मी मनगटं धरली आहेत. पश्चात्तापाची नाडी अशी काही नसते. पण ह्याचा हात थांबला होता. पेन खाली ठेवायला निघाला होता तो. म्हणजे त्याला कळत होतं."

त्या पुढे बोलू लागल्या. म्हणाल्या की इतकी वर्षं त्या त्याला राक्षस म्हणत आल्या. आईनेच तसं शिकवलं होतं आणि त्यात एक सोय होती. राक्षस मारतो, ते त्याचं कामच. त्याला का मारलंस म्हणून विचारायचं नसतं. नवऱ्याने भाताची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना वाटलं होतं, ह्यांनी त्याला सोडवलं. आता कळलं की तसं नव्हतं.

"तो माणूस होता, म्हणून तर त्याला ते पेन ठेवता आलं असतं. चार सेकंद होते त्याच्याकडे. माझा एकनाथ त्या चार सेकंदांत जिवंत होता." त्या उत्तराताईंकडे एक पाऊल सरकल्या. "अश्रू घालू नका. घातलात तर लोक त्याच्यासाठी रडतील आणि मोकळे होतील. ते चार सेकंद आहेत तसे ठेवा. आणि ते मासे आले का, तेही ठेवा."

त्या एवढंच बोलल्या आणि पिशवी उचलून बाहेर जाऊन बसल्या. मी त्यानंतर पुष्कळ मोठ्या माणसांना, पुष्कळ मोठ्या सभागृहांत बोलताना ऐकलं आहे. इतकं सरळ बोललेलं कुणी आठवत नाही.

मी त्याच दिवशी नवा अहवाल लिहिला. ठोके इतके, श्वास असा, पकड अशी, आणि शेवटी 'यावरून भावनेचं नाव सांगता येत नाही' असं वाक्य. बलसेकरांनी तो वाचून माझ्याशी बोलणं सोडलं आणि पुढचे दोन चित्रपट आमच्या हातून गेले. अश्रूचा प्रश्न उत्तराताईंनी मिटवला. अश्रू घालायचा असेल तर माझं नाव काढा, असं त्यांनी लिहून दिलं. त्यांच्या नावाशिवाय चित्रपट विकला जाणार नव्हता, म्हणून बलसेकर गप्प बसले.

सहीच्या प्रसंगाचं चित्रीकरण जूनमध्ये झालं. कार्यालय उभारलं होतं, टेबल, कॅलेंडर, पंखा, सगळं फिल्मवरून मोजून. मी बंडी घेऊन गेले तर काकांनी ती घालायला नकार दिला. मी गोंधळले, कारण इतके महिने आम्ही याच क्षणासाठी राबलो होतो. ते म्हणाले, "बंडी घातली की सही तो करतो. मग मी नामानिराळा. आज सही मी करायला पाहिजे."

त्यांनी पहिल्याच टेकमध्ये केलं. पेन टेकलं, थांबलं. मी मोजत नव्हते, पण नंतर तपासलं तेव्हा चार सेकंद आणि वर एक दशांश निघाला. चेहऱ्यावर जवळजवळ काही नव्हतं. एक साधा, थोडा थकलेला, घरी मुलगी असलेला माणूस एका कागदाकडे पाहत होता, आणि तो काय करेल हे आपल्याला माहीत असूनही माहीत नव्हतं. मग त्याने सही केली. मासे आले का, विचारलं. दृश्य थांबवायचं उत्तराताईंच्या लक्षातच राहिलं नाही, काका आठव्या, नवव्या कागदावर सह्या करत राहिले.

शेवटी काका बाहेर आले. पायरीवर बसले आणि मला घरी फोन लावायला सांगितला. काकूंनी उचलला. काका फोन कानाला लावून नुसते बसून राहिले. पलीकडून काकूंचा आवाज मला ऐकू आला. त्या विचारत होत्या, जेवलात का?

पुढच्या वर्षी चित्रपट तयार झाला. काकांचा आग्रह असा की तो सगळ्यांत आधी मोरानच्या कुटुंबांना दाखवायचा आणि त्यांनी नको म्हटलं तर आपण त्याच्या प्रसिद्धीसाठी कुठेही तोंड उघडायचं नाही. रत्नागिरीत एका छोट्या चित्रपटगृहात दुपारचा खेळ ठेवला. चाळीसेक माणसं आली. बहुतेक सत्तरी ओलांडलेली, काहींना नातवंडांनी धरून आणलेलं. जनार्दन पांडू पहिल्या रांगेत बसले, हातात विरोधाच्या पत्राची प्रत. त्यांचे वडील आणि दोन चुलते यादीत होते. काका आणि काकू मागच्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी.

भात भरवण्याच्या प्रसंगाला एक बाई उठून बाहेर गेल्या. दोघंतिघं पुटपुटले. काकांनी मान खाली घातली, पण काकू ताठ बसून पाहत होत्या.

मग सातवा कागद आला. पेन टेकलं आणि थांबलं. अंगठा सुटला. त्या शांततेत पहिल्या रांगेतून एक चिरका, म्हातारा आवाज आला.

"ठेव. ठेव ते खाली."

जनार्दन पांडू होते. आणखी कुणीतरी, ठेव रे, म्हणालं. माझ्या शेजारून काकूंचा अगदी हळू आवाज आला, नको, नको. साठ वर्षांपूर्वी घडून गेलेली गोष्ट होती. त्या चित्रपटगृहातल्या प्रत्येकाच्या घरातलं माणूस तिने नेलं होतं. तरी ती चाळीस माणसं त्या चार सेकंदांत वाट पाहत होती.

सही झाली. मासे आले का, असं त्याने विचारलं तेव्हा एक आजी ओक्साबोक्शी रडू लागल्या.

खेळ संपला. माणसं जागेवर बसून राहिली. मग जनार्दन पांडू काठी टेकत मागे आले आणि काकांसमोर उभे राहिले. काका उठले. मला वाटलं, म्हातारा आता हात उगारतो.

"मी त्याला विनवलं," पांडू म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, ह्या वेळी ठेवेल." त्यांनी हातातलं पत्र चार घड्या करून खिशात घातलं. "दाखवा सगळीकडे. शाळांतही दाखवा."

संध्याकाळी आम्ही सावंतवाडीला निघालो. गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे मी पुढच्या खुर्चीत मागे तोंड करून बसले होते. हातखंब्याला गाडी हमरस्त्याला लागली. मग काकू खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या की एकनाथला समुद्राची भीती वाटायची. बेटावर जन्मला, पण गुडघाभर पाण्यापुढे कधी गेला नाही.

काका त्यांच्याकडे पाहू लागले. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकनाथ कसा मेला हे शंभर वेळा ऐकलं होतं. बाकी काही ऐकलं नव्हतं.

काकू सांगत राहिल्या. मुलांना अक्षर शिकवायचा आणि स्वतःचं अक्षर असं की आईला वाचता येत नसे. डब्यातला गूळ चोरून खायचा आणि धाकट्या बहिणीचं नाव सांगायचा. पत्ते खेळताना लबाडी करायचा, पकडला गेला की गाणं म्हणायचा, आणि ते इतकं बेसूर असायचं की त्याने ते थांबवावं म्हणून सगळे त्याला जिंकू द्यायचे. शेजारच्या एका मुलीसाठी त्याने चांगले बूट घेतले होते, म्हणजे तिच्या घरासमोरून जाताना घालायला. ते बूट त्याला चावत, तरी तो दोन फेऱ्या जास्त मारायचा. हे सांगताना काकू हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

काका मधूनमधून विचारत होते. मुलीचं नाव काय? गाणं कोणतं? काकू आठवून आठवून सांगत होत्या.

कुडाळ मागे गेलं, सावंतवाडी आली, गाडी त्यांच्या दारात येऊन थांबली आणि दारं आपोआप उघडली. आमच्यापैकी कुणी उतरलं नाही. काकूंचं सांगून झालं नव्हतं.